खांबापासून तिसरी गाडी

डिसेंबरात गाडीचं इंजिन बंद करावं की नाही, या प्रश्नावर याकुत्स्क शहरात जितके गाडीवाले तितकी मतं आहेत. अफनासी येगोरोविच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असल्यामुळे त्यांच्यापाशी मत नव्हतं, सिद्धान्त होता. मत चुकलं तर माणूस गप्प बसतो. सिद्धान्त चुकला तर तो परिस्थितीला दोष देतो.

सिद्धान्त असा : अंगणातले सगळे लोक दिवसभर गाडी सुरूच ठेवतात, संध्याकाळी तिला नाकापर्यंत जाड गोधडीत गुंडाळतात, आणि वर आपोआप सुरू होणारं यंत्र बसवतात, म्हणजे गाडी रात्रभर मधूनमधून उठून दम्याच्या पेशंटसारखी खोकत बसते. हा शुद्ध अडाणीपणा आहे. त्याऐवजी इंजिनाला विजेची छोटी शेगडी बसवावी, तिची वायर वर घरातल्या प्लगला जोडावी, आणि सकाळी चहा घेऊन खाली उतरावं. इंजिन आपलं शांतपणे वाट बघत असेल. आपोआप सुरू होणारं यंत्र त्यांनी तत्त्व म्हणून काढूनच टाकलं; गोधडी तेवढी पत्नीच्या हट्टाखातर राहू दिली.

"वायर खिडकीतून जाणार, म्हणजे खिडकी उघडी राहणार," त्यांच्या पत्नी आक्सिन्या म्हणाल्या.

"खिडकी नव्हे, फट. एवढीशी."

"बाहेर पन्नास आहे."

(पन्नास म्हणजे उणे पन्नास. हिवाळ्यात 'उणे' म्हणायची तिथे पद्धत नाही. अधिक कोणाच्या बापाने पाहिलंय?)

"फट किती आहे ते बघ ना!"

"थंडी काय पट्टी लावून आत येते?" असं म्हणून आक्सिन्याबाईंनी स्वयंपाकघरातली तेलाची बरणी आणि कुंडीतलं रोप उचलून आतल्या खोलीत नेलं, आणि स्वतः कोट घालून भाजी चिरायला बसल्या. त्यात टोमणा होता हे अफनासींना कळलं. विज्ञानाच्या इतिहासात असं व्हायचंच, म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं.

हा सिद्धान्त ऐन याच डिसेंबरात अमलात यायला एक कारण होतं. मुलगी सायना आणि जावई आयाल चार महिन्यांच्या बाळाला घेऊन विमानाने येणार होते. बाळाचं नाव मिचिल, दोन्ही घरांतलं पहिलं नातवंड, आणि अजून कोणीच पाहिलेलं नव्हतं. आता पंचाईत अशी, की व्याहीही त्याच अंगणात, समोरच्या इमारतीत राहत. स्पिरिदोन निकीतिच. नगरपालिकेच्या पाणीखात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले, पण साहेबपणातून न झालेले. बाळ पहिल्यांदा कोणाच्या घरी उतरणार, यावरून दोन्ही आजोबांनी महिनाभर फोनवर सायनाचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी तिने निकाल दिला : "विमानतळावर ज्यांची गाडी येईल, त्यांच्याकडे आधी. टॅक्सी आणलीत तर दोघंही बाद, आम्ही हॉटेलात जाऊ. आणि आता फोन ठेवा, बाळ झोपलंय."

या निकालाचं अफनासींनी मनापासून स्वागत केलं. कारण व्याह्यांची गाडी रविवारपासून थंड पडली होती. स्पिरिदोन रोज सकाळी गॅलरीत येऊन रिमोटचं बटण दाबत. खालून उत्तर येत नसे. पन्नासात एकदा दगड झालेली गाडी मार्चपर्यंत दगडच राहते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. अशी गाडी अंगणात उभी असणं म्हणजे घरात बिनलग्नाचा पुतण्या असण्यासारखं आहे. येणारा-जाणारा थांबतो, उसासा टाकतो, सल्ला देतो.

"वाईट झालं हो, व्याही," अफनासी त्यांना म्हणाले. चेहरा शक्य तितका वाईट ठेवला होता.

"तुमची वायर कशी आहे?" स्पिरिदोननी विचारलं.

वायर चांगली नव्हती. पहिली वायर बाहेर सोडल्या-सोडल्या ताठ झाली आणि दुसऱ्या दिवशी शेवईसारखी कडकन मोडली. दुकानदार म्हणाला, ही घरात वापरायची. अफनासी म्हणाले, मग तिच्यावर तसं लिहायला हवं. दुकानदार म्हणाला, "वायरवर काय काय लिहायचं? माणसाच्या डोक्यात काही नको का?" अफनासींनी रबरी वायर घेतली आणि त्या दुकानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं. रबरी वायर फक्त तिथेच मिळते हेही त्यांनी त्याच वेळी बघून घेतलं.

रबरी वायर टिकली. मात्र ती दुसऱ्या मजल्यावरच्या वार्वारा आजींच्या खिडकीवरून जात होती. वार्वारा आजींचं वय कोणालाच माहीत नव्हतं, आणि अख्ख्या अंगणात अफनासींना एकेरीत, 'अफोन्या' अशी हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. तिसऱ्या दिवशी सकाळी वायरला माशांची पिशवी लटकत होती.

"आजी, ही विजेची वायर आहे!"

"असेल. माझ्या खिडकीवरून जाते ना? मग मासे माझे गोठतील त्यावर."

"त्यातून करंट वाहतो!"

"वाहू दे. मासे मेलेलेच आहेत." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "हे बघ अफोन्या, ऊब पाहिजे तर विस्तवाकडे मागावी. भिंतीतल्या भोकाकडे काय मागतोस? विस्तवाला धिरडं वाढावं, दोन शब्द बोलावेत. तुझा आजा ट्रॅक्टर असाच सुरू करायचा."

अफनासींचा आजा ट्रॅक्टर सुरू करताना देवाला आणि ट्रॅक्टरच्या कारखान्याला कोणते शब्द बोलायचा, ते त्यांना ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्या बाईसमोर ते उच्चारता येण्यासारखे नव्हते.

वायरचा खरा शत्रू आजी नव्हत्याच. तो इमारतीच्या कार्यालयात, खोलीतल्या एकुलत्या एका हीटरला पाठ लावून बसलेला होता. ल्युबोव पेत्रोव्ना या व्यवस्थापिकाबाईंनी अफनासींना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की वायर हा इमारतीच्या दर्शनी भागात केलेला बदल आहे.

"दर्शनी भागावर माशांच्या पिशव्या लटकतात. आख्खं घोड्याचं तंगडं लटकतंय पाचव्या मजल्यावर!"

"ते अन्न आहे. अन्नाला परवानगी लागत नाही."

"मग मला परवानगी द्या."

"आम्ही देत नाही. आधी अग्निशमनवाल्यांची लागेल."

अग्निशमनवाले म्हणाले, वीजखात्याने लिहून दिलं तर आमची काही हरकत नाही. वीजखात्यातला माणूस म्हणाला, अग्निशमनवाल्यांची हरकत नसेल तर लिहून द्यायचं कशाला? अफनासींनी हे परत जाऊन अग्निशमनवाल्यांना सांगितलं. तेव्हा त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की अफनासींना वाटलं, आता हा आपल्यालाच वाचवतो की काय! "नववर्षानंतर या," तो म्हणाला. "हल्ली काय, थंडी आहे. थंडीत कोण असली कामं काढतं?"

विमान यायच्या आदल्या दिवशी अफनासी कॉलेजात मुलांना उष्णतेचं वहन समजावून सांगत असताना, ल्युबोव पेत्रोव्नांचा माणूस शिडी घेऊन आला, वायर बाहेर ओढून खिडकी लोटून घेतली, वायर नीट वेटोळं करून कार्यालयाच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. आक्सिन्याबाईंनी खिडकीची फट बंद झालेली पाहिली, आणि आपल्या नवऱ्याला अखेर अक्कल आली अशा समजुतीने आनंदाने कोट काढला. संध्याकाळी अफनासी घरी आले, ऊबदार स्वयंपाकघरात बसून जेवले, आणि जेवण झाल्यावर म्हणाले, "आज इथे गरम का होतंय गं?"

एवढा उद्गार काढेपर्यंत गाडी दगड झालेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात पेट्रोलवर फर्र फर्र ज्वाळा फेकणारी बत्ती होती आणि दुसऱ्या हातात पत्र्याचं वाकडं नळकांडं. बत्ती पेटवायची, ज्वाळा नळकांड्यात सोडायची, नळकांड्याचं तोंड इंजिनाच्या पोटाखाली धरायचं, आणि आत गुळासारखं घट्ट झालेलं तेल पातळ व्हायची वाट बघायची, असा हा प्रकार. तो त्यांच्या आजाच्या काळापासून चालत आला होता, आणि अफनासींनी भर वर्गात त्याला 'आदिमानवाची पद्धत' म्हटलं होतं.

बाहेर धुकं होतं. धुकं कसलं, सगळ्या शहराचा श्वास गोठून हवेत लटकला होता. हात लांब केला तर पंजा कोणाचा ते कळत नव्हतं. गरम पाण्याच्या जाड नळालगत गाड्या ओळीने झोपलेल्या, सगळ्यांवर बाजारातल्या एकाच बाईने शिवलेल्या एकाच राखाडी रंगाच्या गोधड्या, आणि त्यांवर बर्फाची एकसारखी साय. गोंधळून जायला अफनासी म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हते. शास्त्रज्ञ आधी स्थिर बिंदू शोधतो. दिव्याचा खांब सापडला. आपली गाडी खांबापासून तिसरी. एक, दोन, तीन. ते गोधडीखाली शिरले.

पुढचा काळ त्यांनी बर्फावर उताणं पडून काढला. मिशीचा खराटा झाला. पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. नळकांड्यातून येणारा धूर इंजिनाला सोडून त्यांच्याकडेच येत होता. तेवढ्यात बाहेरून दोन पाय दिसले, लोकरी बुटांतले.

"अफोन्या, तू आहेस का रे खाली?"

"आहे, आजी."

"धिरडं आणलंय. वाढ विस्तवाला."

"आजी, ही बत्ती आहे. देव्हारा नाही."

"विस्तव तो विस्तव. घे मुकाट्याने, हात गोठतोय माझा."

अफनासींनी धिरडं घेतलं. त्यांच्या शिक्षणाचा आणि आत्मसन्मानाचा विचार करता ते त्यांनी दूर ठेवायला हवं होतं. पण दुसऱ्या पारड्यात नातू होता. त्यांनी चतकोर ज्वाळेत धरलं, पुटपुटल्यासारखं काहीतरी केलं, आणि उरलेलं स्वतः खाल्लं. तेव्हाच इंजिनातून पहिल्यांदा टप्‌ असा आवाज आला. योगायोग, दुसरं काय! तरी त्यांनी घशाखाली उतरलेल्या धिरड्याबद्दल मनातल्या मनात विस्तवाची माफी मागितली.

तेल पातळ झालं. अफनासी उठून दाराकडे गेले. किल्ली आत जाईना. कुलूप गोठलंय, हे उघडच होतं. त्यांनी किल्ली लायटरवर तापवली, कुलपावर फुंकर मारली, दाराला खांद्याने ढकललं, शेवटी गाडीला उद्देशून एक छोटंसं भाषण केलं, ज्यात 'एवढं करून' हे शब्द वारंवार येत होते. किल्ली वाकली.

आणि त्याच क्षणी गाडी 'टुंग टुंग' वाजली, गोधडीखालचे दिवे लुकलुकले, आणि इंजिन एक उचकी देऊन सुरू झालं!

अफनासी येगोरोविच बर्फात नाचले. वय, पद, पाठीची उसण, सगळं विसरून नाचले. आपल्या गाडीतलं आपोआप सुरू होणारं यंत्र आपणच काढून टाकलंय, हे त्यांना नाचाच्या दुसऱ्या फेरीत आठवलं.

धुक्यातून धापा टाकत स्पिरिदोन निकीतिच आले. हातात रिमोट. त्यांनी गोधडी ओढली. खाली स्पिरिदोन निकीतिच यांची गाडी होती.

"चालू झाली!" ते म्हणाले. "गॅलरीतून सवयीने बटण दाबलं, आणि चालू झाली!" मग त्यांनी बत्ती पाहिली, नळकांडं पाहिलं, काजळी लागलेले व्याही पाहिले, आणि पाणीखात्यात तक्रार अर्ज वाचताना जसा चेहरा करत तसा केला. "तुम्ही इथे काय करताय?"

"ही खांबापासून तिसरी आहे."

"काल ही होती चौथी. खांबालगतचा गाडीवाला पहाटेच कामावर गेलाय, त्याची गाडी ओळीतून निघाली. तुमची ती आता दुसरी. ती बघा, थंडगार."

स्थिर बिंदू स्थिरच होता. बाकी जगाला स्थिर राहायला काय झालं होतं, हा अफनासींचा खरा प्रश्न होता. पण विचारणार कोणाला?

"ठीक आहे," ते ताठ होत म्हणाले. "गाडी तुमची, ऊब माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारपासून हे लोखंड होतं. त्याची गाडी मी केली. बाळ माझ्याकडे."

"ती अशीही चालू झाली असती!"

"हो, मार्चमध्ये! बाळ रांगायला लागल्यावर!"

"मार्चमध्ये तर मार्चमध्ये, पण किल्ली कोणाची लागते? लावा तुमची, लावा." स्पिरिदोननी वाकलेल्या किल्लीकडे बघितलं आणि सभ्य माणसासारखी नजर वळवली. त्याने अफनासींना जास्त लागलं.

विमान कोणासाठी थांबत नाही. दोघंही बसले. गाडीने पूल ओलांडला. मग स्पिरिदोन रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, "हे बघा व्याही, मी दुष्ट माणूस नाही. दोन वाटा आहेत. एक, मी सांगतो की माझ्या व्याह्यांनी, स्वतःची गाडी बंद असतानाही, भल्या सकाळी बर्फात पडून माझी गाडी तापवली. मनाने राजा माणूस. अंगणात तुमचं नाव होईल, ल्युबोव पेत्रोव्ना उठून उभी राहील. बाळ माझ्याकडे येईल, दोन दिवसांनी तुमच्याकडे."

"आणि दुसरी?"

"दुसरी वाट अशी, की पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला स्वतःची गाडी ओळखता आली नाही."

अफनासी येगोरोविच खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर धुक्याशिवाय काहीच नव्हतं, पण ते अगदी सविस्तर बघत राहिले. कॉलेजातली मागच्या बाकावरची मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. प्राचार्य आले. वायरवाला दुकानदार आला. तो तर हसतच आला. "पहिली," असं ते शेवटी म्हणाले, इतक्या हळू की स्पिरिदोननी मुद्दाम "काय म्हणालात?" असं विचारून ते पुन्हा वदवून घेतलं.

विमानतळावर पहिल्याच खुर्चीत ल्युबोव पेत्रोव्ना बसल्या होत्या, बहिणीला घ्यायला आलेल्या. नशीब म्हणतात ते असं असतं. त्याला सुट्टी नसते.

दार उघडलं आणि सायना आली. मागे सामानाखाली दबलेला आयाल. सायनाच्या हातात एक गाठोडं होतं, शालीवर दुलई, दुलईवर कातडं, आणि मधोमध बटणाएवढं नाक.

"गाडी कोणाची आलीय?" तिने आधी तेच विचारलं.

"माझी," स्पिरिदोन म्हणाले. "पण खरं श्रेय तुझ्या वडिलांचं हो, सूनबाई. माझी गाडी यांनी तापवली. स्वतःची बंद. मी म्हटलं, नको व्याही, राहू दे. ऐकतील तर शपथ!"

"बाबा!" सायनाचे डोळे भरून आले. "खरंच? तुम्ही? आईला मी म्हणत होते, बाबा यात भांडणार. किती मोठं मन तुमचं!"

"राजा माणूस," स्पिरिदोन म्हणाले आणि त्यांनी गाठोडं घेण्यासाठी हात पुढे केले. ल्युबोव पेत्रोव्ना खरोखरच उठून उभ्या राहिल्या होत्या.

गाठोडं हलायला लागलं. ते अफनासींच्या कोपराजवळून पलीकडे निघालं. जाता जाता बटणाएवढ्या नाकाने एक शिंक दिली. आणि अफनासी येगोरोविच, ज्यांनी आयुष्यात कधी वर्गात चुकीचं सूत्र लिहिल्याचंही कबूल केलेलं नव्हतं, ते संपूर्ण विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले :

"कसलं मोठं मन! मला माझी गाडी ओळखता आली नाही! मी ही माझी म्हणून तापवली! यांची आहे असं कळलं असतं तर बत्ती विझवून घरी जाऊन झोपलो असतो!"



"म्हणजे... दुसऱ्याच्या गाडीखाली?" आयालने जबाबदार जावयाच्या सुरात विचारलं, आणि मग त्याला सामान खाली ठेवावं लागलं, कारण हसताना ते पेलेना. सायना भिंतीला टेकून हसत होती. ल्युबोव पेत्रोव्नांनी बहिणीची वाट न बघता फोन काढला.

"हसा," अफनासी म्हणाले. "पण सायना, एवढं सांग. ती गाडी इथे कोणामुळे आली?"

सायनाने डोळे पुसले. सासऱ्यांकडे पाहिलं.  "चालू तर ती यांनीच केली," ते छताकडे बघत म्हणाले.

"मग बाबांकडे," सायना म्हणाली, आणि तिने गाठोडं अफनासींच्या हातात दिलं.

ते संध्याकाळपर्यंत त्यांनी खाली ठेवलं नाही. आणि संध्याकाळी अख्खं अंगण जिना चढून वर आलं. सगळे म्हणाले, बाळ बघायला आलोय. सगळ्यांनी बाळाकडे ओझरतं बघितलं आणि अफनासींकडे निरखून. आक्सिन्याबाई धिरडी आणि साय वाढत होत्या. कोणी म्हणालं, प्राध्यापक, माझीही गाडी जरा बंद पडलीय, उद्या चुकून इकडे या की. कोणी म्हणालं, खांब हलवायला कार्यालयात अर्ज करायचा का? स्पिरिदोन निकीतिच कोपऱ्यात बसून मिटक्या मारत धिरडी खात होते आणि मधूनमधून अगदी तटस्थपणे तपशील दुरुस्त करत होते. "वाकलेली किल्ली," ते म्हणत. "किल्ली सांगायची राहिली." अफनासी प्रत्येकाला तीच शांत, थंड, अपमानित मान डोलावून उत्तर देत होते. हातात बाळ असलेल्या माणसाला याहून जास्त बाणेदार होता येत नाही.

सगळ्यांत शेवटी वार्वारा आजी आल्या. त्या थेट अफनासींसमोर उभ्या राहिल्या, दुलईतून दिसणाऱ्या नाकाकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाल्या :

"पोर गोड आहे. पण तुमचंच आहे ना रे, अफोन्या? विमानात अशी गाठोडी बरीच असतात. गोधडी उघडून बघितलंस का?"

खोलीत हास्याचा असा स्फोट झाला की खिडकीची काच थरथरली. हा पोरकटपणा आहे, यात विनोद काय आहे, असं अफनासी येगोरोविच मोठ्यांदा म्हणाले. त्यांनी सगळ्यांकडे ठामपणे पाठ फिरवली, नातवाला घेऊन आतल्या खोलीत गेले, आणि दार नीट लागलंय याची खात्री करून त्यांनी दुलईचं टोक हळूच वर उचललं.